लायसन्स पक्कं होण्याआधी

मागच्या वर्षी जूनमध्ये आमच्या घरातून एकाच आठवड्यात लायसन्सचे दोन अर्ज गेले. एक भाच्याचा. त्याला नुकतीच १८ पूर्ण झाली होती आणि मोटारसायकल कालच हवी होती. दुसरा माझा. वय ४४, आजवर कायम मागच्या सीटवर किंवा ह्यांच्या शेजारी बसून ‘अहो, हळू’ म्हणणारी. मला चारचाकी शिकायची होती.

भाचा म्हणाला, “मावशी, एजंट गाठू या. दोन दिवसांत काम होतं म्हणे.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. पण एजंट कितीही वाकबगार असला तरी दोन दिवसांत पक्कं लायसन्स कायद्यातच बसत नाही. लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवस जाईपर्यंत पक्क्याची परीक्षा देताच येत नाही. तो महिना शिकण्यासाठी ठेवलाय. लायसन्सबद्दलचे बहुतेक घोळ या एका महिन्याचा अर्थ न कळल्यामुळे होतात, असं आता माझं मत झालंय.

सरकारी कागदांवर याला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. हा शब्द मी आरटीओच्या भिंतीबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शिकाऊ अनुज्ञप्ती म्हणजे आपलं लर्निंग, आणि ते झाल्यावर मिळतं ते पक्कं किंवा पर्मनंट. लर्निंगची मुदत ६ महिने. म्हणजे १० जूनला लर्निंग निघालं, तर जुलैच्या साधारण १० तारखेपासून डिसेंबरच्या ९ तारखेपर्यंत पक्क्याची परीक्षा देऊन पास व्हायचं. पाच महिन्यांची ही खिडकी. ती हुकली की लर्निंग परत पहिल्यापासून. ‘बघू पुढच्या महिन्यात’ करत दोनदा लर्निंग काढलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतातच.

लर्निंग ज्या शहरात काढलं तिथेच चालतं, असाही एक समज आहे. तो चुकीचा. लर्निंग देशभर चालतं. शिवाय २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून तुम्ही राहता त्या राज्यातल्या कुठल्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायला कायद्याची आडकाठी नाही. लातूरहून पुण्याला शिकायला आलेल्या पोरांना हे माहीत असलेलं बरं.

आता वयाचं. गिअरच्या दुचाकीला आणि चारचाकीला १८ पूर्ण हवीत, टॅक्सी किंवा टेम्पोसारख्या वाहतुकीच्या वाहनाला २०. ‘सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं’ हे वाक्य दहावीच्या निकालानंतर घरोघरी ऐकू येतं. ते खरं आहे, पण अर्धंच. कायद्यात त्या गाडीचं इंजिन ५० सीसीपर्यंतच असायला हवं, आणि अर्जावर आईवडिलांची संमती हवी. आज आपल्या पार्किंगमध्ये दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या. म्हणजे सोळाव्या वर्षी काढलेल्या लायसन्सवर त्या चालवणं म्हणजे लायसन्सशिवायच चालवणं. २५ च्या वेगाच्या आत राहणाऱ्या आणि २५० वॉटच्या आतल्या हलक्या इलेक्ट्रिक गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाहीत, त्यामुळे त्यांना लायसन्स लागत नाही. दुकानदार सगळ्याच बॅटरीच्या गाड्यांना हे लागू असल्यासारखं बोलतात, तेव्हा वॉट आणि वेग कागदावर बघून घ्या.

भाचा सतरा वर्षांचा असताना त्याच्या बाबांनी ‘कोपऱ्यावरून दूध घेऊन ये’ म्हणून गाडीची किल्ली दिली होती. त्या एका वाक्यात किती धोका होता, हे कुणाला माहीतच नव्हतं. अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. मोठ्या माणसाने लायसन्सशिवाय चालवली तर ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणारा मालकही तेवढ्याच दंडाला पात्र.

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. महाराष्ट्रात २०२१ च्या जूनपासून आधारवर घरबसल्या लर्निंग काढता येतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो सगळं आधारमधून आपोआप भरलं जातं. सोय मोठी आहे, पण गोम इथेच आहे. आधारमध्ये जे चुकलंय ते लायसन्सवर जसंच्या तसं उतरतं. माझं आधार माहेरच्या पत्त्यावर होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, बँकेत, गॅसच्या बुकावर, रेशनकार्डावर सगळीकडे सासरचा पत्ता, फक्त आधारवर जुना. पक्कं लायसन्स पोस्टाने घरी येतं. माझं सांगलीला वहिनीच्या हाती पडलं असतं. म्हणून आधी आधार दुरुस्त केलं, मग अर्ज. नावाचंही तसंच. आधारवर एक आडनाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, अशी बाई असाल तर हा गुंता अर्ज भरण्यापूर्वी सोडवा. आधारचा रस्ता नको असेल तर वयाचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन आरटीओत जाऊन परीक्षा देता येते. शिक्षणाची अट कुठेच नाही. वाहतुकीच्या वाहनांसाठी आठवी पासची अट होती, तीही २०१९ मध्ये गेली.

अर्ज भरताना कोणत्या प्रकारची गाडी हे निवडावं लागतं. बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन म्हणजे आपली कार. भाच्याने गिअरची दुचाकी आणि कार दोन्ही एकदमच टाकली, ते शहाणपणाचं. नंतर एक प्रकार वाढवायचा तर पुन्हा लर्निंग, पुन्हा महिना. फॉर्ममध्येच अवयवदानाची इच्छा आहे का, असाही प्रश्न आहे. घाईघाईत तो पुढे ढकलला जातो. पाच मिनिटं थांबून घरात विचारून भरावा असा तो रकाना आहे.

आणि मग नमुना १, म्हणजे तब्येतीचं स्वयंघोषणापत्र. चाळिशी ओलांडलेल्यांना एवढ्यावर भागत नाही. त्यांना नमुना १-अ, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. मला लागलं, भाच्याला नाही. त्याच्या नमुना १ मध्ये एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? त्याने बघितलं न बघितलं केलं आणि ‘होय’ वर टिचकी मारली.

मी म्हटलं, चल खाली.

२५ मीटर म्हणजे माझी साधारण पस्तीस पावलं. सोसायटीच्या गेटाशी पांढरी गाडी उभी होती, तिथून जिन्यापर्यंत पावलं मोजली. सकाळचे नऊ, ऊन लख्ख. मी चष्म्यासकट वाचली. भाच्याने एमएच वाचलं, १२ वाचलं, पुढची दोन अक्षरं अंदाजाने सांगितली आणि शेवटच्या चार आकड्यांत तिनाचे आठ केले. दुसऱ्या दिवशी दीड नंबरचा चष्मा लागला. अठरा वर्षांच्या पोराला लांबचं दिसत नाही, हे तोवर घरात कुणाच्या गावीही नव्हतं. फळा दिसत नसेल तर मुलं पहिल्या बाकावर सरकतात. रस्त्यावर तशी सोय नाही. हा प्रयोग प्रत्येकाने करावाच, फुकट आहे. रंगांच्या बाबतीत भीती असेल तर, सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही २०२० पासून नियमांनी दार उघडलंय.

लर्निंगची परीक्षा म्हणजे १५ प्रश्न, त्यांतले ९ बरोबर यायला हवेत. प्रत्येक प्रश्नाला मोजके सेकंद. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो, मग मोबाइलवर पासवर्ड येतो आणि परीक्षा उघडते. घरून देत असाल तर कॅमेरा सुरू ठेवावा लागतो. प्रश्न मराठीत घेता येतात, तरी मराठीतले काही शब्द डोक्यावरून जातात. ‘पादचारी’ ठीक आहे, पण ‘वाहतूक बेट’ वाचून मी क्षणभर समुद्रात गेले.

पाठांतर कशाचं करायचं? खुणांच्या आकारांचं आधी. लाल कडेचं गोल म्हणजे हुकूम, मोडलात तर दंड. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सावध. निळी चौकोनी पाटी म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप, पार्किंग. एवढं पक्कं असेल तर न पाहिलेल्या खुणेचंही अर्धं उत्तर हाताशी येतं. मग अग्रक्रमाचे नियम. घाटात अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, कारण तिला चढावर थांबून परत निघणं अवघड. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. चौकातल्या गोलात जो आधीच फिरतोय तो पहिला. अँब्युलन्सला कधीही, कुठेही वाट. ओव्हरटेक उजवीकडून. यातला गोलाचा नियम आपल्या शहरांत कुणी पाळताना मी पाहिलेलं नाही. सगळे एकाच वेळी नाक खुपसतात आणि मग तुंबतं. त्यामुळे रस्त्यावर पाहून उत्तर द्यायला गेलात तर हमखास चुकाल.

एका झेरॉक्सच्या दुकानात मला विचारलं गेलं, “मॅडम, परीक्षा आम्हीच देऊन टाकू का? पाचशे होतील.” नापास झालं तर फेरपरीक्षेला ५० रुपये पडतात. पाचशेत दहा वेळा नापास होता येतं, असं मी त्याला म्हटलं. भाचा पहिल्यांदा ८ वर अडकला, दुसऱ्यांदा १४ मिळवले. मधल्या वेळात नियम वाचले, एवढाच फरक.

लर्निंगची पीडीएफ हातात आली की लोक समजतात, झालं, आता गाडी आपली. इथेच तो ३० दिवसांचा महिना सुरू होतो. लर्निंगवर एकट्याने कार काढायची नाही. शेजारी त्या प्रकारचं चालू लायसन्स असलेला माणूस हवा, आणि तो वेळ पडली तर गाडी आवरू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवर झोपलेले काका चालत नाहीत. तो माणूस ड्रायव्हिंग स्कूलचाच हवा असं नाही, बाबा, मावशी, शेजारी कुणीही चालेल. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवायचं नाही. मैत्रिणीला तर नाहीच, हे भाच्याला दोनदा सांगावं लागलं.

गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. त्याचंही माप ठरलेलं आहे. पांढरा भाग १८ सेंटिमीटरच्या चौकोनापेक्षा लहान नको, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि खाली ९ सेंटिमीटर रुंद. बाजारात मिळणारे कितीतरी स्टिकर यापेक्षा छोटे असतात. मी पुठ्ठा कापून, लाल इन्सुलेशन टेपने घरीच केले. हे सगळं बारकाव्यानं सांगतेय कारण लर्निंगच्या अटी मोडून अपघात झाला की विमा कंपनीला हात वर करायला आयती जागा मिळते.

ड्रायव्हिंग स्कूल लावावं का? सक्ती नाही. मी लावलं, कारण नवऱ्याकडून गाडी शिकणं हा संसार मोडायचा सोपा मार्ग आहे. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो, तो एकट्या नवशिक्याला मोठा आधार. पण एक गैरसमज इथे फार पसरलाय: ‘आता ड्रायव्हिंग स्कूलवालेच लायसन्स देतात, आरटीओची परीक्षा नाही.’ हे गल्लीतल्या स्कूलला लागू नाही. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आहे. त्यांना जागा, ट्रॅक, सिम्युलेटर अशा अटी आहेत, आणि तिथे कारचा २९ तासांचा अभ्यासक्रम, २१ तास प्रत्यक्ष चालवणं आणि ८ तास वर्गात, पूर्ण करून पास झालं तर आरटीओच्या परीक्षेतून सूट मिळते. तुमचं स्कूल त्या मान्यतेचं आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. नसेल, आणि बहुतेक नसतंच, तर वीस दिवस शिकून झाल्यावर ट्रॅकवर जावंच लागतं.

३० दिवस झाले की पोर्टलवर पक्क्याचा अर्ज भरून परीक्षेची तारीख घ्यायची. मोठ्या शहरांत तारखा लवकर भरतात, त्यामुळे एकतिसाव्या दिवशीच बघायला लागा. तालुक्याच्या गावी आरटीओचे ठरावीक दिवशी कॅम्प भरतात, तिथली तारीखही निवडता येते. परीक्षेला गाडी आपली न्यायची, ज्या प्रकारचं लायसन्स हवं त्याच प्रकारची. तिची आरसी, विमा, पीयूसी जवळ हवी, लर्निंग हवं, दुचाकीवाल्याकडे हेल्मेट हवं. पीयूसीची मुदत आदल्या दिवशी संपलेली, म्हणून सकाळी साडेसात वाजता पंपावर रांगेत उभा असलेला एक काका आमच्या बरोबर होता.

दुचाकीला आठचा आकडा काढायचा, पाय खाली न टेकता. भाचा गाडी पळवण्यात पटाईत, पण आठला सावकाशपणा लागतो. क्लच अर्धा, रेस किंचित, नजर चाकावर नाही तर जिथे वळायचंय तिथे. चाकाकडे बघितलं की गाडी तिथेच लवंडते. त्याने जमवलं. कारमध्ये तो एच आकाराच्या मार्गावर मागे घेणंही जमवून गेला, आणि मग माझा नंबर लागला.

एच नीट झाला. मग चढ. चढावर थांबायचं आणि मागे न घसरता परत निघायचं. मी ब्रेकवरून पाय उचलला, क्लच सोडला, गाडी फूटभर मागे आली, मी घाबरून दोन्ही पाय दाबले आणि इंजिन बंद. निरीक्षकांनी शांतपणे लिहिलं, “फेल. पुढच्या आठवड्यात या.”

खरंच पुढच्याच आठवड्यात. नापास झाल्यावर ७ दिवस थांबावं लागतं. तीन प्रयत्नांतही नाही जमलं तर शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस. त्या सात दिवसांत मी एकच गोष्ट घोटली: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर, इंजिनचा आवाज जडावला आणि बॉनेट किंचित उचललं की तिथेच पाय थांबवायचा, थोडी रेस, मग हँडब्रेक सोडायचा. आमच्या सोसायटीचा रॅम्प, संध्याकाळी सहा ते साडेसहा. वॉचमनही तिसऱ्या दिवसापासून सूचना देऊ लागला. दुसऱ्या परीक्षेत गाडी तसूभरही मागे आली नाही.

पैशांचं एकदा सांगून टाकते. केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगला प्रत्येक प्रकारामागे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. ड्रायव्हिंग टेस्टला प्रत्येक प्रकारामागे ३००, आणि लायसन्स देण्याचे २००. यावर स्मार्ट कार्ड वगैरेचा आकार चढतो, तो पोर्टलवर भरतानाच दिसतो. एजंट सांगतो त्या आकड्याशी हा ताडून बघा, मग ठरवा.

कार्ड पोस्टाने येईपर्यंत अडत नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये दिसणारं लायसन्स २०१८ पासून वाटेत दाखवायला ग्राह्य आहे. फोनच्या गॅलरीतला कार्डाचा फोटो मात्र ग्राह्य नाही, यावरून चौकात वाद घालू नका.

मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत काढलं तर वयाची ४० होईपर्यंत. ३० ते ५० मध्ये काढलं तर १० वर्षं. ५० ते ५५ मध्ये काढलं तर ६० होईपर्यंत, आणि त्यानंतर ५ वर्षांचंच. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतो. त्याहून उशीर झाला तर पुन्हा ट्रॅकवर. आणि कुणाला या लायसन्सवर रोजी-रोटी करायची असेल तर, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलंय की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतलं वाहतुकीचं वाहन चालवता येतं, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही.

म्हणजे भाचा आता बावीस वर्षं निवांत, आणि मी ५४ व्या वर्षी पुन्हा डॉक्टरच्या दारात. पुठ्ठ्याचे एल त्याने पक्कं मिळालं त्याच दिवशी काढून टाकले, त्याच्या मोटारसायकलवरचे. गाडीवरचे माझे मात्र मी राहू दिले. मागचे हॉर्न कमी मारतात, वर चढावर दोन हात अंतर सोडून थांबतात. गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी धुताना पावसाने भिजलेला मागचा पुठ्ठा आपसूक हातात आला, तेव्हा पुढचाही काढला.